मुंबई ते सिंगापूर, आठ तास

असं काही लिहायचा मला अधिकार आहे का, कोण जाणे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी शिकलो ते इंजिनिअरिंग. वाक्यं अडखळली तर माफ करा. पण आई पहिल्यांदा विमानात बसली, तो दिवस लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझ्या सिंगापूरच्या पदवीदान समारंभाला ती एकटीच येणार होती. बाबा एसटीचे ड्रायव्हर, त्यांची रजा मंजूर झाली नव्हती. मी फोनवर तिकीट वाचून दाखवलं. मुंबईहून सकाळी साडेअकराला निघणार, सिंगापूरला संध्याकाळी साडेसातला पोचणार.

"म्हणजे आठ तास," मी म्हणालो.

"अंतर किती?" बाबांनी विचारलं.

"चार हजार किलोमीटरला थोडं कमी."

"तासाला पाचशे पडलं की! आमच्या गाडीला बार्शीहून मुंबई गाठायलाच नऊ तास लागतात." मग ते आईला म्हणाले, "हे बघ, मधे कुठं थांबलं तरी उतरायचं नाही. माणसं चहापाण्याला उतरतात अन् गाडी निघून जाते. घड्याळात आठ तास झाल्याशिवाय जागा सोडू नको."

"नाही सोडत," आई म्हणाली.

हे विमान थेट येतं, मधे थांबत नाही, असं मी सांगून पाहिलं. पण मी स्वतः आलो तेव्हा चेन्नईला विमान बदललं होतं, ते बाबांच्या पक्कं लक्षात होतं.

ती येणार त्या दिवशी सिंगापुरातल्या बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी तिसऱ्यांदा फरशी पुसत होतो. माझा पुण्याचा रूममेट सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता.

"काकू कंटाळतील का रे विमानात?"

"आठ तास म्हणजे कंटाळतीलच."

"आठ?" तो हसायलाच लागला. "साडेपाच, साहेब! तिकिटावर दोन्हीकडची आपापली वेळ असते. अडीच तासांचा फरक कोण वजा करणार? आणि उद्या म्हणे पदवी घेणार!"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. विमान तेव्हा बंगालच्या उपसागरावर होतं. आईचं घड्याळ भारतातल्या वेळेवर चालणार, आणि इथे उतरल्यावर ते पाचच दाखवणार. आई शब्दाची पक्की. ती उठणारच नाही.

विमानतळाकडे जाताना पाया लेबार स्टेशनवर एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलत मी फोनमधल्या नकाशावर तिचं इवलंसं विमान सरकताना पाहत होतो. काळजी होतीच, तरी आनंदाने पळत सुटावंसं वाटत होतं. आई आकाशात होती, आणि माझ्याच दिशेने येत होती!

विमान वेळेवर उतरलं. माणसं बाहेर येऊ लागली. पाऊण तास झाला तरी आई दिसेना. तिचं सिमकार्ड इथे चालणार नव्हतं. रिकाम्या विमानात मांडीवर पिशवी घेऊन, घड्याळाकडे बघत बसलेली आई मला दिसायला लागली.

तेवढ्यात इथल्याच एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक बाई मराठीत बोलत होत्या.

"तुमच्या आई माझ्या शेजारच्या सीटवर होत्या. उतरायलाच तयार नव्हत्या हो! मला म्हणतात, 'तुम्ही या उतरून, माझं गाव अजून अडीच तास लांब आहे.' शेवटी एअर होस्टेसने त्यांना खिडकीतून विमानतळाचं नाव दाखवलं, मग मी ते वाचून सांगितलं. आता इमिग्रेशन झालंय, सामान घेतोय. थांबा, देते हं."

"अरे," आईचा आवाज आला, "पोचले मी. लवकरच पोचले!"