काथ्या आणि पत्रा

आमच्या जोहे गावात कुठे भेग दिसली की माणसाचा हात आपोआप प्लास्टरच्या गोणीकडे जातो. भिंतीला भेग, ओट्याला भेग, मोरीचा कोपरा फुटला, औषध एकच. घरोघरी गणपतीचे कारखाने, त्यामुळे प्लास्टर आमच्याकडे मिठासारखं हाताशी असतं. त्यात नारळाचा काथ्या कालवला की ते धरून बसतं, मूर्तीचा हात निखळत नाही. माझ्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, सगळा जन्म या कामात गेला. पुढे पुढे ते फक्त आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. हमरापूरपासून पेणपर्यंत त्यांच्या हाताला मान होता.

मी मात्र त्या धंद्यात रमलो नाही. आयटीआय केलं आणि रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला लागलो. आबा कधी बोलले नाहीत, पण कारखान्यात माझ्या वाटणीचा पाट त्यांनी बरीच वर्षं रिकामा ठेवला होता. मी त्यावर डबा ठेवायचो.

रोह्यात एका निवृत्त हेडमास्तरांच्या अंगणात चिंचेखाली एक जुनी गाडी उभी होती. गोल पाठीची, स्टिअरिंगला गिअर असलेली, पुढे बाकासारखी सलग सीट. आता त्या जातीच्या गाड्या लग्नाच्या वरातीपुरत्या भाड्याने मिळतात. तेव्हा त्या भंगारात जात होत्या. शिफ्ट सुटली की मी तिच्याकडे बघत उभा राहायचो. शेवटी हेडमास्तरच म्हणाले, "रोज बघून जातोस, त्यापेक्षा घेऊन जा." टेम्पोला दोर बांधून गाडी जोह्यात आणली तेव्हा आई ओट्यावरून म्हणाली, "इंजिन हाय ना यात, का तेपण झाडाखालीच राहिलं?"

इंजिन होतं. ते सुरू करायला मला अख्खा हिवाळा लागला. सुट्टीच्या दिवशी मी गाडीखाली आणि आबा शेजारी उकिडवे. कार्ब्युरेटर साफ केला, पॉइंट घासले, ब्रेकचे पाइप बदलले. आबांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण कळत नाही म्हणून दूर बसणारे ते नव्हते. पान्हा मागितला की हातोडी द्यायचे आणि वर म्हणायचे, "जे पायजे ते नीट सांगावं माणसानं." माझ्या आयुष्यात आम्ही दोघं इतका वेळ एकत्र बसलो ते तेवढ्या एका हिवाळ्यात.

इंजिन चाललं, पण पत्रा सडला होता. चिंचेच्या पाल्याखाली राहून दरवाज्यांच्या कडा आणि पायाखालचा तळ चाळणीसारखा झाला होता. वेल्डिंगवाल्याकडे नंतर नेऊ, असं मी म्हणत होतो. एक दिवस पहिली पाळी करून घरी आलो तर गाडीला एकही भोक नाही. आबांनी आतून जाळी लावून काथ्या-प्लास्टर भरलं होतं, पॉलिश पेपरने घासून वर रंग मारला होता. हात फिरवला तर जोड लागत नव्हता. आबा दाराशी उभे होते, बोटांवर अजून पांढरं होतं.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"एक नंबर," मी म्हटलं.

आता खरं सांगायचं तर मीही जोह्याचाच. प्लास्टर पाणी पितं हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गाडी इतकी देखणी दिसत होती की मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवसापासून गाडीनेच कामावर जाऊ लागलो. पेण, वडखळ, कासू, नागोठणे, मग भिसे खिंडीचा चढ आणि रोहा. चढावर ती दमायची, मी तिला दमू द्यायचो. कंपनीच्या गेटवर पोरं विचारायची, "जोह्याची मूर्ती आली. मखर कुठाय?" मला राग नाही यायचा. उलट छाती फुगायची.

आषाढात कासूच्या अलीकडे चाक खड्ड्यात गेलं आणि खालून काहीतरी धपकन पडलं. माझ्या शेजारी कंपनीतले एक वरिष्ठ होते, त्यांची मोटरसायकल बिघडली म्हणून मी मोठ्या ऐटीत त्यांना घेतलं होतं. त्यांच्या पायाखालचा तळ गेला आणि रस्त्याचं गढूळ पाणी त्यांच्या पँटीवर गुडघ्यापर्यंत उडालं. उतरून बघतो तर ओल्या प्लास्टरचा गोळा, काथ्याच्या शेंड्या लोंबत असलेला. दरवाज्याच्या कडाही फुगून सुटत होत्या. वरिष्ठ हसले. म्हणाले, "विसर्जन लवकर केलंत." ते आठवडाभर कंपनीत सगळ्यांना तेच सांगत राहिले.

मी तो गोळा गाडीत टाकून घरी आणला. आषाढात कारखाने भरलेले असतात, बसायला जागा नसते. आबा आखणीला बसले होते, भोवती रंगकाम करणारी सात-आठ माणसं. मी तो गोळा त्यांच्यासमोर आपटला. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं झालं माझं.

"आबा, तुझ्या हातचं सगळं शेवटी पाण्यातच जातं. माझी गाडी तरी सोडायची होतीस."

ज्या माणसाने आयुष्यभर दहा दिवसांत बुडणाऱ्या मूर्तींना जीव लावून डोळे काढले, त्याला मी त्याच्या माणसांसमोर हे बोललो. आबांनी ब्रश वाटीवर आडवा ठेवला. गोळ्याकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "माझंच चुकलं. तुला इचारायला पायजे होतं."

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. सुट्टीच्या दिवशी मी गाडीखाली असायचो आणि ते कारखान्यात. मी मुद्दाम मोठ्याने पान्हे आपटायचो. ते यायचे नाहीत. माफी मागावी असं रोज वाटायचं, पण आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. आमच्याकडे भांडण झालं की दुसऱ्या दिवशी माणूस ताटात जास्तीचा मासा वाढतो, आणि झालं. मी आबांच्या ताटात मासे वाढत राहिलो.

गणपती होऊन गेले. रोह्याच्या वेल्डिंगवाल्याकडे दरवाज्यांच्या कडा करून घेतल्या, तळाचं काम अर्धं झालं. एक दिवस कंपनीत प्लांट बंद होता म्हणून दुपारीच सुटलो. पेणच्या बाजारात पत्र्याच्या कोठ्या आणि डबे बनवणाऱ्या एका चाचांचं दुकान आहे. त्यासमोरून जाताना मला आबा दिसले. उपड्या डब्यावर बसले होते. चष्म्याला दोरा बांधलेला, हातात पत्र्याची मोठी कातर, आणि पत्र्यावर खडूने काढलेल्या रेषेवरून ती कातर नेत होते. डोळे काढताना जीभ दातांत धरायचे तशी धरली होती.

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी हळू झाली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याने ब्रशपेक्षा जड हत्यार कधी धरलं नाही, तो माझ्या गाडीसाठी पत्रा शिकत होता. मला थांबता आलं असतं. पण वाटलं, चोरून शिकतायत, पकडले गेले तर ओशाळतील. मी पुढे निघून गेलो.

संध्याकाळी विचारलं, "आबा, कुठं गेलतास?"

"पेणला. ब्रश आणायला."

ब्रश आणलेला नव्हता. मीही पुढे विचारलं नाही.

मग मी माझ्या परीने एक शहाणपणा केला. वेल्डिंगवाल्याला सांगितलं की सगळा तळ कर, पण मागच्या सीटच्या पायाशी, उजवीकडे, तळहाताएवढं भोक आहे तेवढं सोड. तो म्हणाला, "पाणी येईल." म्हटलं, येऊ दे. त्यावर रबराची मॅट टाकली. घरी जेवताना आबांना ऐकू जाईल अशा बेताने आईला म्हटलं, "मागं एक भोक राहिलंय अजून. बघू, कधी होतंय." आबा भात कालवत होते. त्यांनी वर बघितलं नाही. पण पुढच्या रविवारी मॅट उलटी पडलेली होती, म्हणजे कोणीतरी ती उचलून बघितली होती. मी मनात म्हटलं, आता आणतील तुकडा. आज नाही तर उद्या.

बापाने स्वतःहून तुकडा आणावा, "सरक, मी लावतो," म्हणावं, आणि मी बाजूला व्हावं. त्यात त्यांचा मान राहील, असा माझा हिशोब. दोन पावसाळे मी तसाच गाडी चालवत राहिलो. मागे कोणाला बसू देत नव्हतो. खिंडीत पाऊस लागला की मागून चिखलाचा वास यायचा, तो मला चालायचा. आबा दर आठवड्याला पेणला जात राहिले आणि ब्रश कधीच आणला नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांची छाती भरली. धुळीत गेलेली वर्षं होती, डॉक्टरांनाही नवल वाटलं नाही. मी दुसरी पाळी मागून घेतली आणि रोज सकाळी त्यांना पेणच्या दवाखान्यात नेऊ लागलो. पुढच्या सीटवर मांडीवर टॉवेल घेऊन बसायचे, पाहुण्यासारखे अंग चोरून. दोन-तीनदा त्यांनी मागे वळून पायाशी बघितलं. मला वाटायचं, आता बोलतील. त्यांना काय वाटायचं ते मला माहीत नव्हतं. एकदा दवाखान्याच्या दारात मी म्हटलंसुद्धा, "आबा..." त्यांनी विचारलं, "काय रं?" मी म्हटलं, "पायरी हाय, जपून."

चैत्रात ते गेले.

तेरावं झाल्यावर मी गाडी घेऊन पत्रेवाल्या चाचांकडे गेलो. मॅट उचलून भोक दाखवलं आणि म्हटलं, एवढं बुजवून द्या. चाचा वाकले, बघितलं, आणि माझ्याकडे वळले.

"तुम्ही त्यांचे पोरगे काय?" ते म्हणाले. "लय यायचे इथं. हात ब्रशचा, कातरीला जोर पुरायचा नाय. पण शिकले. रिबिटपण मारायला लागले होते. मी म्हटलं, आता कापा तुकडा नि लावा जाऊन. तर म्हणाले, पोरानं एक भोक तसंच ठेवलंय. माझ्यासाठी ठेवलंय का इसरलाय, कळत नाय."

मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो.

"मी म्हटलं, इचारा की त्याला. घरातलाच हाय," चाचा म्हणाले. "तर म्हणाले, इचारलं आणि तो नाय म्हणला तर?"

त्यांनी मोजायला सुतळी घेतली, मग ती खाली ठेवली. "कोणासाठी ठेवलं होतं मग?"

"त्यांच्यासाठीच," मी म्हटलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा हे माझ्या तोंडातून निघालं, आणि ते पत्रेवाल्याला ऐकू गेलं.