चुलीवरच्या चादरी

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये आमच्या घरात माणसं तीन होती आणि चादरी एकशे साठ. चादरी आमच्या नव्हत्या. शहापूरहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्याला, आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर एक रिसॉर्ट आहे, त्याच्या पलंगांवरच्या त्या पांढऱ्या चादरी. आठ वर्षं मी आणि माझी सासू त्या धूत होतो. सोमवारी सकाळी टेम्पो गठुडी टाकून जायचा आणि गुरुवारी धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरी घेऊन जायचा. सुरुवातीला भावकीनं नावं ठेवली. कुठल्या कुठल्या लोकांच्या अंगाखालचं धुता म्हणे. मी म्हटलं, म्हशीच्या अंगाखालचं तुम्ही रोज काढताच ना, मग? तेव्हापासून माझ्या तोंडाला कोणी लागत नाही.

चादर बघून मला पाहुण्यांचा अख्खा शनिवार-रविवार कळायचा. कोंबडीचा रस्सा पलंगावर बसून खाल्लेला कळायचा, मेंदीच्या हातांनी कोणी झोपलं असेल तर तेही कळायचं. हळदीच्या डागाला आधी ऊन, मग साबण; उलटं केलं तर डाग लाल होऊन बसतो. हे मला कोणी शिकवलं नाही, चादरी फुकट घालवून शिकले.

आमचा सगळा भागच पावण्यांवर चालायचा. मुंबई-कल्याणहून गाडी घेऊन जो येतो तो आमच्याकडे पावणा, मग तो घोटभर चहा घेवो की दोन रात्री राहो. पावसाळ्यात माळशेज घाटात भाजलेली कणसं, उन्हाळ्यात करवंदं आणि ताडगोळे. आमची अंडी रिसॉर्टला, शेजाऱ्यांचं दूध रिसॉर्टला. माझा नवरा आसनगाव स्टेशनवरून पाहुण्यांना जीपनं आणायचा. चुलत दिराची घाटात कणसांची गाडी होती. भात होता, पण तो घरात खाण्यापुरता. मीठ-मिरचीच्या पुढचं सगळं पावण्यांच्या खिशातून यायचं.

त्या मार्चमधल्या सोमवारी नेहमीसारखी गठुडी आली. आम्ही धुतली. गुरुवारी टेम्पो आला नाही, फोन आला. मॅनेजर म्हणाला, ताई, माल तुमच्याकडेच राहू द्या, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. मग तो तळकोकणात आपल्या गावी निघून गेला आणि रिसॉर्टच्या फाटकाला साखळी लागली.

आठवड्याभरात गावानं रस्त्यात बोरीच्या काट्या आडव्या टाकल्या. बाहेरचं कोणी येऊ नये म्हणून. काट्या ओढण्यात सगळ्यात पुढे माझा चुलत दीर. वर्षभरापूर्वी हाच माणूस घाटात रस्त्याच्या मधोमध उभा राहून हातवारे करून गाड्या थांबवायचा. मला हसू आलं आणि रागही आला. पण भीती सगळ्यांनाच होती, मलाही होती.

दोन दिवसांनी तो चार जणांना घेऊन आमच्या अंगणाबाहेर उभा राहिला.

"वयनी, त्या चादरी जाळून टाका. मुंबईवाले झोपलेत त्यांच्यावर. रोग घरात घिऊन बसल्यात तुमी."

"धुतल्यात त्या."

"धुऊन जातंय का ते? कुनाला म्हाईत?"

मी दारातच बसले. त्यांना म्हटलं, रिसॉर्ट आज ना उद्या उघडणार. उघडलं त्या दिवशी चादरी तयार नसल्या, तर काम मुंबईच्या लॉन्ड्रीला जाईल. आणि एकदा बाहेर गेलेलं काम गावात परत येत नाही. हे काम गेलं तर मी करू काय? माझ्या वयाला कोण मला नवं काम देणार? जाळायच्या तर आधी घर जाळा.

शेवटी तोड निघाली. मी अंगणात पत्र्याचं पिंप चढवलं आणि सगळ्या चादरी त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा उकळल्या. दोन दिवस लागले. चुलत दीर लांब, आंब्याखाली बसून राखण करत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मीच चहा नेऊन दिला. कप खाली ठेवून मागे सरले, मग त्यानं उचलला.

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. आमची जीप छपराखाली उभी राहिली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. नवऱ्यानं भेंडी लावली आणि मोटारसायकलवर क्रेट बांधून तो शहापूरपर्यंत विकत फिरला. हायवेवरच्या ढाब्यांच्या खुर्च्या एकावर एक चढल्या त्या तशाच राहिल्या. पाऊस लागला, माळशेजचे धबधबे नेहमीसारखे सुरू झाले आणि ते बघायला कोणी नाही. घाटात पर्यटकांना बंदी होती. तरी चुलत दिरानं हट्टानं कणसं भरली, तीन दिवस घाटात जाऊन बसला, तिसऱ्या दिवशी पोलिसांनी परत पाठवला. ती कणसं त्यानं गावात घरोघर वाटली. आमच्याकडची भाजताना सासू म्हणाली, "बघ गो, आता आमीच पावनं झालो."

मला मात्र कणसं गोड लागली नाहीत, कारण त्याच सकाळी आमच्या घरच्या एका उशीच्या अभ्र्यावर मला काळे ठिपके दिसले होते. आमच्याकडच्या पावसात कपड्याला दमट हवा लागली की बुरशीचे तिळाएवढे डाग पडतात, आणि ते कशानंही जात नाहीत. अभ्रा होता म्हणून बरं. चादरींपर्यंत अजून पोचलं नव्हतं. मी सगळी गठुडी खोलीभर पसरली, प्लास्टिकमध्ये बांधली, परत सोडली. प्लास्टिकला आतून घाम यायचा.

सासू बघत होती, म्हणाली, "माळ्यावर टाक."

आमच्याकडे पावसाळ्यात जे जे जगवायचं ते चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवतात. काकडी-भोपळ्याचं बी, सुकट, सरपण, लसणाच्या जुड्या. खालून ऊब लागते, वर ओल पोचत नाही. तिची सासू तेच करायची, तिच्या सासूची सासूही तेच करत असणार. मलाही पटलं. त्यात गॅसचा सिलिंडर तेव्हा कोपऱ्यात रिकामा उभा होता, चूल दोन्ही वेळेला पेटत होती. म्हणजे ऊब भरपूर. आम्ही सुकट दुसरीकडे हलवली, माळा पुसला, खाली जुनं लुगडं अंथरलं आणि चादरी वर चढवल्या. चार महिने रोज भाकऱ्या थापताना मी मान वर करून त्यांच्याकडे बघायची. आपण हुशारी केली असं वाटायचं.

नवरात्र झालं आणि मॅनेजरचा फोन आला. परवानगी मिळाली, रिसॉर्ट उघडतंय. मी चादरी खाली काढल्या. एकाही चादरीवर तिळाएवढा डाग नाही. सासूला मिठी मारायचीच काय ती बाकी राहिली. एक दिवस खपून सगळ्यांना इस्त्री केली आणि निरोप पाठवला, माल तयार आहे.

टेम्पोच्या आधी शेठची गाडी आली. शेठ म्हणजे रिसॉर्टचे मालक, आठ वर्षांत आमच्या दारात पहिल्यांदा. मॅनेजर मास्क लावून मागे उभा होता. शेठनी वरची चादर उचलून अंगणातल्या उन्हात उघडली. घरातल्या अंधारात मला जी पांढरी दिसत होती, तिच्यात उन्हात दुधाळ चहाचा रंग होता. मग शेठनी मास्क नाकाखाली ओढला, चादर नाकाशी धरली आणि झटकन बाजूला केली.

"ह्याला धुराचा वास येतोय. पार भरलाय आत."

ते म्हणाले, "आधीच लोक घाबरत घाबरत येणार. असल्या चादरीवर झोपवू त्यांना? मी मुंबईच्या लॉन्ड्रीशी बोलतो."

मला राग आला की माझं डोकं चालायला लागतं. मी म्हटलं, "शेठ, तुमच्या फाटकावर पाटी आहे, चुलीवरचं गावठी जेवण. तो वास विकता तुम्ही."

"जेवण खातात, बाई. त्याच्यावर झोपत नाहीत."

मी आठ दिवस मागितले. पहिले पाहुणे पुढच्या शनिवारी येणार होते. शेठ गाडीत बसता बसता मॅनेजरकडे बोट दाखवून म्हणाले, "शुक्रवारी हा येऊन बघेल. वास गेला असेल तर ठेवू. नसेल तर माझा नाइलाज आहे."

गाडी गेल्यावर मी सासूला नको ते बोलले. तुमच्या चुलीनं माझं काम खाल्लं, असं म्हटलं. चादरी तर मीच चढवल्या होत्या, तिनं फक्त सुचवलं. ती रात्री जेवली नाही. त्या शब्दांची लाज मला आजही वाटते.

सकाळी अंधारात तिनंच मला हलवून उठवलं. "दहिवर पडलंय. ऊठ." अंगणात जाऊन तिनं गवतावर तळवा फिरवला आणि ओला हात मला दाखवला. म्हणाली, "आमी लुगडी अशीच उजळायचो. धुवायची, दहिवरात पसरायची, ऊन चढलं की पानी मारायचं. परत धुवायची. अंगात दम पायजेल, बाकी काय नाय."

दम होता. जागा नव्हती. एकशे साठ चादरी पसरायला आमचा बांध पुरणार नव्हता. शेजारच्या खाचरातला भात कापून झाला होता, तिथे स्वच्छ धसकटं होती आणि कडेला गवत. पण खाचर चुलत दिराचं. सात महिन्यांपूर्वी ज्यानं ह्या चादरी जाळायला सांगितल्या त्याच्याकडे जायला माझे पाय उचलेनात. तरी गेले.

तो दात घासत होता. माझं सगळं ऐकून घेतलं, चूळ भरली. "रिसॉर्ट चाललं तं माझी गाडी लागंल ना वयनी? टाका. मी म्हशी तिकडं सोडत नाय." मग आतल्या बाजूला वळून त्यानं बायकोला हाक मारली.

ती आली, तिच्या मागे दूधवाल्याची बायको, तिच्या मागे आणखी तिघी. मी कोणालाच बोलावलं नव्हतं. सहा दिवस आमचं एकच काम. नदीवर सोडा आणि साबण लावून धुवायचं, पहाटे पसरायचं, उन्हात तांब्या-तांब्यानं पाणी शिंपडायचं, उलटायचं, संध्याकाळी गोळा करून परत भिजवायचं. माझ्या बोटांच्या पेरांची सालं निघाली. कोणीतरी लिंबं आणली, ती पिळली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाची म्हैस सुटून आली आणि चार चादरींवरून शांतपणे चालत गेली. आम्ही तिला शिव्या घातल्या आणि त्या चार पुन्हा धुतल्या. चौथ्या दिवशी चहाचा रंग फिका पडला. सहाव्या दिवशी खाचराकडे बघवेना, इतकं पांढरं. बायकांनी एकेक चादर नाकाशी धरून बघितली. वास गेला, सगळ्यांचं एकमत. सासूनंही हुंगली आणि मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी, मॅनेजर यायची वाट न बघता, चादरी टेम्पोत घालून मी स्वतः रिसॉर्टवर गेले. मॅनेजर व्हरांड्यात उभा होता. त्यानं एक चादर उन्हात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली. "रंग मस्त आलाय, ताई." मग मास्क काढून त्यानं ती नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरून ठेवली.

चादर खाली करून तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक सांगू? शेठना बोललो नाही मी. गणपतीत मला कोरोना होऊन गेला. तेव्हापासून वासच येत नाही. फिनेल आणि चहा मला सारखाच. तुम्हीच सांगा, धुराचा वास गेला का?"

मी चादर घेतली आणि तोंड खुपसून श्वास ओढला. ऊन, साबण, थोडं गवत. धूर अजिबात नाही. हो म्हटलं असतं तर काम माझं होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. तेवढ्यात मला आठवलं की शेठनी नाक मुरडलं त्या दिवशीही मला धूर आला नव्हता. मी जन्मापासून चुलीजवळ आहे. माझ्या केसांत, पदरात, अंगात तोच वास. त्या बायकांचंही तेच, सासूचंही तेच.

"मला नाही येत," मी म्हटलं, "पण मला तो गेल्या आठवड्यातही नव्हता आला. माझ्या नाकाला तो कळतच नाही."

तो म्हणाला, "आता ह्याला काय करायचं?"

"घालून बघायच्या. पाहुणा काही बोलला तर मला तोंडावर सांगा. पण तो बोलायच्या आधी काम काढून घेऊ नका."

त्यानं मास्क परत चढवला आणि खिशातून चाव्यांचा जुडगा काढून माझ्या हातात दिला. "एक नंबरपासून सुरू करा."

आठ वर्षांत मी त्या खोल्यांमध्ये कधी गेले नव्हते, आमचं काम फाटकापर्यंत. चादरींचा गठ्ठा काखेत धरून मी एक नंबरचं कुलूप काढलं. सात महिने बंद असलेल्या खोलीची ओल, कुबट गाद्या, पडद्यांवरची बुरशी, सगळं एकदम नाकात शिरलं. हा वास मला कळला. मी चादरी बाहेरच्या खुर्चीवर ठेवल्या आणि आधी खिडक्या उघडल्या.