सुनंदा आत्याचं उडालेलं अक्षर

"जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून सोपं करून सांगितलं, "वयात येताना सुरू होणारा फिट्सचा प्रकार. सकाळी हात झटकतात, कधी मोठी फिट येते. बहुतेकांचा गोळ्यांनी ताब्यात राहतो."

मी एकवीस वर्षांची. दोन वर्षं सकाळी हातातून ब्रश, मोबाइल उडायचा. मम्मी ओरडायची, "लक्ष कुठं असतं तुझं?" परीक्षेसाठी जागरण केलं आणि सकाळी वाशीला कॉलेजच्या जिन्यात कोसळले. मग ईईजी झाला. त्यात डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली विजेची हालचाल टिपतात. दुखत नाही, केसांतला चिकटपणा मात्र दोन दिवस जात नाही. एमआरआय साफ आला.

"घरात आणखी कुणाला होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," पप्पा म्हणाले. जरा जास्तच पटकन.

आम्ही कोपरखैरण्याला घरी आलो. पप्पांनी आल्या आल्या माळ्यावरून एक पिशवी काढली. आत निळी अंतर्देशीय पत्रं. पप्पा गावाहून तुर्भ्याच्या कंपनीत लागले तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सुनंदा आत्यानं, पाठवलेली. आत्याबद्दल मला एवढंच माहीत होतं, की एकोणिसाव्या वर्षी तिनं विहिरीत उडी घेतली. माझं नाक तिच्यावर गेलंय, हेसुद्धा आमच्याकडे हळू आवाजात बोलायचे.

"तूच वाच," पप्पा म्हणाले. "माझ्यानं नाही होत."

'दादास सप्रेम जय भीम.' पुढे इंग्रजी डिक्शनरीची मागणी. गुरुजींचं गणित चुकलं ते तिनं फळ्यावर जाऊन दाखवलं, त्याची फुशारकी. मला हसू आलं. अशी होती ही?

तिसऱ्या पत्रात होतं, 'सकाळी भाकरी थापताना हात आपोआप उडतो. आई धांदरट म्हणते. बघ, आत्ताही उडाला.' तिथून शाईची रेघ थेट कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

मी माझी कॉलेजची वही आणून शेजारी ठेवली. सकाळच्या लेक्चरच्या पानांवर तशाच रेघा. पप्पा दोन्हीकडे बघत राहिले.

पुढच्या वेळी पत्र दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोनदा वाचलं. "नुसत्या पत्रावरून निदान करता येत नाही. पण वर्णन जुळतंय."

"विहिरीत गेली त्या सकाळी ती पाणी भरायला गेली होती," पप्पा म्हणाले.

"मग फिट येऊन पडलीही असेल. आज खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही."

बाहेर बाकावर बसून पप्पांनी गावी मोठ्या काकांना फोन लावला. "भाऊ, सुनंदाला फिट येत होत्या. यापुढं आपल्या घरात कुणी 'उडी मारली' म्हणायचं नाही." मग फोन माझ्या हातात दिला. मी काकांना पत्रातली हात उडाल्याची ओळ वाचून दाखवली.

पाच महिने झाले, फिट नाही. गोळी चुकवत नाही, झोप मोडत नाही. तुमच्याही घरी असं निदान झालं, तर ज्यांचं नाव टाळतात त्या माणसाबद्दल आधी विचारा.

डॉक्टरांनी झटक्यांची रोज नोंद ठेवायला सांगितलंय. मी त्याच वहीत बाकीचंही लिहिते. कुणाशी भांडले, कशावर हसले, काय हवंय. आत्यानं नुसतं हात उडाल्याचंच लिहिलं असतं, तर मला तिचा आजार कळला असता, ती कळली नसती.