क्लोरोफॉर्मवाल्याचा फेटा

बारामतीच्या दवाखान्यात मी रोग्यांचं जेवण रांधायची, तेव्हा ऑपरेशनच्या आधी क्लोरोफॉर्म द्यायला एक जण होता. रोग्याच्या डोक्यामागं उभा राहून तो नाकावर जाळी धरायचा आणि लाडानं म्हणायचा, "चला, इंदापूरच्या वाटंवरची गावं सांगा." पिंपळी, सणसर, लासुर्णे... निमगावच्या पुढं कुणी गेलेलं मी तरी ऐकलं नाही.

बरी झालेली माणसं फेटा बांधायला यायची, ती डॉक्टरांना. हा दारातून बघायचा. मला म्हणायचा, "काकू, आमी झोपवलेला माणूस आमाला कसा वळखंल?" हसून म्हणायचा, पण त्याला लागायचं बरं का.

एकदा लासुर्ण्याचे एक आबा खास त्याच्यासाठी फेटा घेऊन आले. "मला झोपवणारा लई गुणाचा माणूस," म्हणाले, आणि समोर दिसलेल्या कंपाउंडरलाच गुंडाळायला लागले. कंपाउंडरनंही खुशाल मान वाकवली.

मी खरं सांगायला पुढं झाले. हा मात्र हळूच आबांच्या मागं जाऊन उभा राहिला. "आबा, इंदापूरच्या वाटंवरची गावं सांगा."

आबांचा हात थांबला. त्यांना जांभईच आली. "ह्यो आवाज! ह्योच त्यो!"

कंपाउंडरचा फेटा उतरवून त्यांनी ह्याला बांधायला घेतला. एकेका वेढ्याला एकेक गाव म्हणत होते. "पिंपळी, सणसर, आमचं लासुर्णं, निमगाव..." शेवटचा पदर खोचला आणि म्हणाले, "इंदापूर."

फेटा वाकडा, डोळ्यांवर आलेला. त्याच्याखालून तो मला म्हणाला, "काकू, पोचला की वो एक जण."