हाताचा दांडा आणि इनोव्हेशन हेड

निवृत्त माणसाकडे औषधं आणि किस्से, दोन्ही साठत जातात. औषधांवर निदान मुदत तरी छापलेली असते.

चंद्रपूरला आमचा छोटा कारखाना होता. नवजात बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढून काढणारं, विजेशिवाय पायाने चालणारं यंत्र आम्ही बनवायचो. पीएचडी माझ्याकडे होती, अक्कल रशीदभाईंकडे. ते पूर्वी हार्मोनियमचे भाते दुरुस्त करायचे.

कुरखेड्याच्या मेश्राम सिस्टर एकदा यंत्र घेऊनच आल्या. "साहेब, गावात डिलिव्हरी होते खाली चटईवर. मलेबी खालीच बसा लागते. पायडल कशानं मारू?"

मी गणित मांडायला घेतलं. ते सुटायच्या आत रशीदभाईंनी यंत्राला हाताचा दांडा बसवला. सिस्टर खूश होऊन गेल्या; पुढे सगळ्याच यंत्रांना दांडा बसू लागला. गणित मी तरीही पूर्ण केलं. दांडा चालणार नाही, असं उत्तर आलं.

*

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. मला बढती मिळाली: इनोव्हेशन हेड. पहिलं काम, दांडा काढणे. कॅटलॉगात यंत्र पायाचं होतं ना.

सिस्टरांचा फोन आला. "दांडा काऊन काढला?"

"मंजुरी नव्हती."

"मंजुरी कोण देते?"

"मीच."



*

मग मी दांड्याच्या मंजुरीसाठी रीतसर अर्ज केला. तपासणाराही मीच. अर्जदाराच्या कुवतीविषयी मला पहिल्यापासून शंका होतीच. तीन आक्षेप घेऊन अर्ज परत पाठवला. उत्तरं आली, पण मला पटली नाहीत.

तोवर मुंबईने विजेवरचं मॉडेल आणलं आणि रशीदभाईंना घरी पाठवलं. निरोप समारंभात मी त्यांच्या कल्पकतेवर वीस मिनिटं बोललो.

"भाषण अच्छा होतं साहेब," ते म्हणाले. "मंजूर करून घेतलं होतं ना?"

*

दोनेक वर्षांनी मुंबईहून पत्र आलं. कुरखेड्याकडे कुणा स्पर्धकाचं हाताने चालणारं यंत्र दिसतं, सिस्टर लोक आपलं सोडून तेच मागतात. शोध घ्या, ती कंपनी आपण विकत घेऊ.

शोधत शोधत एका सायकलच्या दुकानात पोचलो. रशीदभाई भाता शिवत बसले होते. बाकावर मेश्राम सिस्टर, यंत्र तयार व्हायची वाट बघत.

मी पत्र वाचून दाखवलं.

"विकत घेतल्यावर हे बनवू देतील का मले?" रशीदभाईंनी विचारलं.

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"त्यायले काय विचारता भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "ते इनोव्हेशन हेड आहेत."

रिपोर्ट मी तिथेच, सिस्टरांच्या शेजारी बसून लिहिला: 'प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. दुकान बंद होते.'