सरदारमामांच्या बोटांसाठी

आधीच सांगून टाकते, यात चूक माझी आहे. "असू दे वर्षाराणी, तुझ्या मनात काय वाईट होतं का," असं म्हणायला जो येतो त्याचा मला लई राग येतो. मनात वाईट नव्हतं म्हणून माणसाचा हात परत येतो का?

सरदारमामा म्हणजे लोहाऱ्याच्या तहसील कचेरीसमोरचे टायपिस्ट. राहायला सास्तूरला, रोज मोटारसायकलवर येणार. पत्र्याच्या शेडखाली एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, खाली प्रिंटर आणि समोर कायम चार माणसं उभी. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, निराधार योजनेचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, काय पाहिजे ते. माणूस अर्धं सांगतोय तोवर मामांचं टाईप झालेलं असायचं. रडत आलेल्या बाईला आधी पाणी द्यायचे आणि मग विचारायचे, "आता सांगा आक्का, नाव काय?" उगं घाई करणाऱ्याला मात्र असं झापायचे की तो गुमान रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहायचा.

नातं म्हणाल तर काहीच नाही. मी माकणीची. नवऱ्यानं टाकल्यावर कसल्याशा नोकरीचा अर्ज टाईप करून घ्यायला त्यांच्याकडं गेले. त्यांनी जाहिरात वाचली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ही नोकरी तुला लागायची न्हाय, बेटा. त्यापरीस हेच शिक." शिकवलं ते घरातल्या जुन्या लोखंडी टायपिंग मशीनवर. माझ्या हातांवर रुमाल टाकायचे, म्हणजे बघायची सोयच नाही. बटण हलक्या हातानं दाबलं की ओरडायचे, "कणीक चाचपतीस का काय? ठोक!" मशीनवर ठोकल्याशिवाय अक्षर उमटत नाही. तीन कार्बन घातले की चौथ्या कागदापर्यंत जोर पोचला पाहिजे. मशीनवर शिकलेले आम्ही सगळे असेच. पुढं कॉम्प्युटर आला तरी मामा त्याच्यावरही तसेच ठोकायचे आणि वर्ष-दीड वर्षात एक कीबोर्ड खलास करायचे. तोवर मीही त्यांच्याच शेडखाली, शेजारी लॅपटॉप घेऊन कामाला बसायला लागले होते.

मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. टाईप करता करता मधेच हात झटकायचे, परत सुरू करायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात शीर दबलीय. पट्टा बांधा, आणि बोटांना अजिबात जोर लागणार नाही असा मऊ कीबोर्ड घ्या, नाहीतर हात जाईल. हे मला मामांनी स्वतः सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

त्याच आठवड्यात जुना कीबोर्ड बंद पडला, म्हणून मामांनी दोन दिवस माझा लॅपटॉप वापरला. त्याची बटणं अगदी सपाट, आवाज म्हणून नाही. धोंडीबा नावाचे एक म्हातारे वारसनोंदीसाठी आलेले. बराच वेळ उभे राहिले आणि टेबलावर वाकून म्हणाले, "सरदारभाई, लिवताय का नुसतंच बसलाय? आवाज तर कायच न्हाय." सगळे हसले. मामाही हसले, पण कसनुसे. नंतर मला म्हणाले, "बटण लागलं का न्हाय, बोटाला कळतच न्हाय गं. पाण्यात हात घालून बसल्यासारखं वाटतंय." ते मला लागलं. म्हणलं, आता कीबोर्ड मीच आणते, मामांना शोभंल असा.

रविवारी उमरग्याला गेले. महांतेशचं कॉम्प्युटरचं दुकान आमच्या ओळखीचं. मी मामांच्या हाताचं सगळं सांगितलं. त्यानं चार कीबोर्ड काढून काउंटरवर मांडले आणि त्यातला एक पातळ माझ्याकडं सरकवला. "ताई, हात दुखणाऱ्या माणसाला हा न्या. नुसतं बोट टेकलं तरी अक्षर येतंय." मी टेकलं. खरंच आलं. पण मला काही ते पटेना. शेवटी एक जाडजूड काळा कीबोर्ड होता, प्रत्येक बटणाला वेगळी स्प्रिंग. दाबलं की खट्ट! आणि बटण बोटाला खालून परत ढकलतंय, अगदी मशीनसारखं. मी माझं नाव टाईप केलं, मग मामांचं केलं, आणि माझे डोळेच भरून आले.

"हाच द्या," म्हणलं.

"अहो ताई, ह्याची स्प्रिंग कडक हाय. गेम खेळणारी पोरं नेतात हा. तुमी हाताचं सांगितलं म्हणून म्हणतोय."

मी त्याच्यावर तडकले. "तुमी किती वर्षं टायपिंग केलंय हो? आमच्या माणसाला बटण लागलेलं कळलं पाहिजे. न्हाय कळलं की तो अजून जोर लावणार. आम्हाला शिकवू नका."

बिचाऱ्यानं खोकं बांधून दिलं आणि म्हणाला, "बदलून पाहिजे असला तर आणा." मी खोकं उचललं आणि निघाले.

सोमवारी मामांनी खोकं उघडलं. दहाही बोटं जागेवर ठेवली, डोळे मिटले आणि सुरू केलं. पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की रांगेतली माणसं बोलायची थांबली. मामांनी चष्मा काढून पुसला. "वर्षा, माझं मशीन परत आणलंस की गं," म्हणाले, आणि शेडमधल्या सगळ्यांना चहा सांगितला. मी तर फुगून गेले. दिवसभर येईल त्याला सांगत होते, मी आणलाय, मी निवडलाय.

त्यानंतर आठ महिने. हात कसा आहे विचारलं की "एकदम बेस्ट" म्हणायचे. मेच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे. दुपारी माझ्याबरोबर डबा खायचे ते बंद झालं. भूक न्हाय म्हणायचे आणि एकटेच पलीकडं जाऊन बसायचे. मला वाटलं, काहीतरी बिनसलंय. उलट मीच रुसले. "आता माझ्या डब्यातलं कालवणसुद्धा नको झालं का तुमाला?" असं टोचून बोलले. ते हसून प्रिंटरात कागद भरायला लागले, डाव्या हातानं. ते मी बघितलं आणि बघूनही मला काही कळलं नाही.

ऑगस्टात सलग तीन दिवस आले नाहीत, फोनही उचलेनात. चौथ्या दिवशी मी सास्तूरला गेले. मामा ओट्यावर बसलेले आणि जमिलाबीमामी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. बाजूला ताटलीत भाकरी वरणात अगदी बारीक कुस्करलेली आणि चमचा डाव्या बाजूला. मला बघून मामांनी उजवा हात सदऱ्याखाली घ्यायला बघितलं. मी तो धरला. अंगठ्याच्या बुडाचं मांस पार बसलेलं, नुसता खड्डा.

मामी रडायलाच लागल्या. "रोज घरी आले की हात गरम पाण्यात. भाकरी तुटंना झाली, लोटा धरवंना झाला. मी म्हणते, तो कडक काढून टाका, दुसरा मऊ आणा. तर म्हणतात, वर्षाला वाईट वाटंल. तिच्यासमोर बोलायचं न्हाय."

मी मामांवरच ओरडले. आई-बापावरही कधी ओरडले नसेन अशी. "का न्हाय सांगितलं? तोंड नव्हतं का तुमाला? मी एका दिवसात बदलून आणला असता!"

मामांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाले, "माझ्या बोटांसाठी म्हणून आजवर कुणी काय आणलंय गं? तू उमरग्याला गेलीस, चार बघितलेस, एक निवडलास. आता तुला काय सांगू, तुझा कीबोर्ड दुखतोय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी मी महांतेशकडं गेले आणि तो पातळ कीबोर्ड आणला. त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मामा टेबलावर बसले, बोटं ठेवली, एक अर्ज टाईप केला. "मस्त हाय, लोण्यासारखा," म्हणाले. मी स्क्रीनकडं बघितलं. शब्द सगळे बरोबर, पण एकमेकांना चिकटलेले, ओळभर एकच लांबलचक शब्द. मोकळी जागा सोडायचं बटण उजव्या अंगठ्यानं दाबायचं असतं, आणि अंगठा खाली जातच नव्हता. मामांनी ते बघितलं आणि हात मांडीवर घेतले.

डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. दुखायचं थांबेल म्हणाले, गेलेलं मांस येणार नाही. आधी आले असते तर, असंही म्हणाले. ते मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं.

गेल्या महिन्यात मामा लोहाऱ्याला आले ते गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसले. मी खुर्चीवरून उठले तर म्हणाले, "बस तिथंच. एक अर्ज करायचाय." कचेरीसमोर बसायची परवानगी त्यांच्या नावावर होती, ती माझ्या नावावर करायचा अर्ज. ते सांगायला लागले आणि मी टाईप करायला लागले. "महोदय, मी गेली एकतीस वर्षे सदर ठिकाणी टायपिंगचे काम करीत आहे. परंतु आता वयोमानामुळे..."

माझे हात थांबले. "मामा, वयोमानामुळे न्हाय."

"सत्तावन्न म्हणजे काय कमी झालं का?"

"मामा, माझ्यामुळं झालंय. लिवायचंच असंल तर ते लिवा."

"अर्जदार कोण हाय?" मामांचा आवाज चढला, रांगेतल्या घायकुत्या माणसावर चढायचा तसा. "मी हाय ना? मग अर्जदार सांगंल ते टाईप कर. लोकं खोळंबलीत."

मी टाईप केलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचायला लागले, आणि त्या शब्दापाशी येऊन थांबले. तेव्हा मामांनीच तो म्हणून टाकला, वयोमानामुळे, आणि म्हणाले, "हं, पुढं वाच."