पत्रावळवालीची ओळख

मला पंगतीची किळस आहे. हे सांगितलं की लोक हसतात. काशीच्या उपाध्यांच्या घरची सून आणि पंगतीची किळस? हो, आहे! तुपाचा तो वास, भिजलेल्या पानांचा वास, ढेकरा, आणि तृप्त होऊन पोटावरून हात फिरवत उठणारी ती मंडळी. हे सगळं पाहिलं की मला एक सकाळ आठवते आणि तोंडातला घास फिरतो.

आमचं घर अमृतराव घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत. मामंजी तीर्थोपाध्ये. दक्षिणेकडून येणारे यजमान आमच्याकडे उतरत, मामंजी त्यांची श्राद्धं करवत आणि आम्ही बायका रांधत असू. मी साताऱ्याकडची, चौदाव्या वर्षी लग्न होऊन इथे आले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि माझ्या जिभेवर दोन्हींची खिचडी. एकदा मी 'पत्तल' म्हणाले तर सासूबाई कडाडल्या, "पत्रावळ म्हण! पत्तल ती गल्लीतल्यांची."

आता ती पत्रावळ यायची कुठून? गल्लीतूनच. आमच्यात श्राद्धाला केळीचं पान चालत नसे, पळसाचीच पत्रावळ लागे, आणि ती आणून द्यायची एक मुसहरीण, पानांवर पोट भरणाऱ्या तिकडच्या अस्पृश्य जातीतली. नदीपलीकडे दोन दिवसांच्या वाटेवर डोंगर आहेत, तिथल्या जंगलातली पानं तिचं सगळं घरदार तोडायचं, टाचायचं, वाळवायचं. वयानं ती सासूबाईंएवढी असेल. डोक्यावर हा एवढा भारा, पण चाल अशी की पान हलायचं नाही.

घ्यायची रीत ठरलेली. तिनं मागच्या दाराशी भारा ठेवायचा, चार पावलं मागे सरायचं आणि टाळी वाजवायची. सासूबाईंनी वरून गंगेचं पाणी शिंपडायचं, झाला भारा शुद्ध. जिच्या हातांनी पानन् पान टाचलं ती मात्र तशीच राहायची. तिला शुद्ध करायला गंगेत पाणी कमी होतं की काय, देव जाणे! त्याच वेळी मामंजी सोवळ्यानं स्नानाहून येत असले तर गल्लीच्या तोंडाशीच खाकरत. खाकरणं ऐकलं की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. त्यांची नजर तिच्यावर नको, तिची सावली त्यांच्यावर नको. सासूबाई नवी नवरी होत्या तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

एका दुपारी सासूबाई लवंडल्या होत्या. मी मागच्या दारात बसून फाटकी पत्रावळ नीट करायला गेले आणि बांबूची काडी कचकन बोटात घुसवून घेतली. ती भारा ठेवून उभीच होती. "अरे बहूजी, अइसे ना," म्हणत ती पुढे आली आणि तिनं माझी बोटं धरली. काडी आडवी कशी घालायची, पान उसवू नये म्हणून टोक कुठे मोडायचं, सगळं माझ्या हातानं करवून घेतलं. तिचे तळवे काथवटीसारखे खरखरीत होते. त्यानंतर मी अंघोळ केली नाही. खरं तर करायला हवी होती, पण मुद्दामच केली नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही.

मग सासूबाई निजल्या की ती कधीकधी पायरीवर टेकायची आणि मला पानांचं सांगायची. शेंड्याची कोवळी पानं तोडायची नाहीत, ती झाडाची. फांदी ओरबाडायची नाही. एका डोंगरावर हात फिरला की पुढचा हंगामभर तिकडे फिरकायचं नाही, मग आजीनं तोडलेल्या झाडावर नात तोडते. मला वाटे, आमच्या घरात इतकी पोथ्यांची बासनं, पण पुढच्या माणसासाठी काही शिल्लक ठेवावं हे कुणाला सुचलेलं मी पाहिलं नाही. आम्ही आपले आलेल्या यजमानाला सोलून काढत होतो.

माझ्या लग्नाच्या चौथ्या वर्षी जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबानं त्या जंगलाचा ठेका दिला. पळसाच्या फांद्यांवर लाख धरते, आणि लाखेला तेव्हा भलती मागणी होती. ठेकेदार काशीतलाच, कपाळभर गंध लावणारा. त्यानं पहिल्या झटक्याला मुसहरांना जंगलात पाय ठेवायची बंदी केली. म्हणे, हे पानं तोडून झाडं मारतात! आणि याची माणसं फांद्याच्या फांद्या छाटून गाड्या भरत होती. शी! बोलायची काही लाज?

साहेबाच्या हुकुमात एक सवलत होती. ज्यांचं पोट पिढ्यान् पिढ्या त्या पानांवर आहे त्यांना परवाना मिळेल. पण शहरातल्या कुणा प्रतिष्ठित गृहस्थानं सांगायला हवं की ही जुनी पत्रावळवाली, हिला आम्ही ओळखतो. तिनं आमचं घर सांगितलं. दुसरं कुठलं सांगणार होती? दोन मुलगे, सुना, नातवंडं, सगळी त्या एका ओळखीवर टांगलेली. परवाना नाही तर जंगल नाही, आणि जंगल नाही तर खायचं काय?

साहेबाचा मुन्शी चौकशीला यायच्या आदल्या दिवशी ठेकेदार आमच्याकडे आला. मामंजींच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "महाराज, अबकी पूरे पितृपक्ष के पत्तल हमारी तरफ से. धरम का काम है." मामंजींनी आशीर्वाद दिला. त्या दिवशी 'पत्तल' शब्द सासूबाईंच्या कानाला मुळीच खुपला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्शी आला. बरोबर चपराशी, आणि मागे ती. मामंजी ओसरीवर पाटावर बसले होते. मी आणि सासूबाई दाराआड. मुन्शीनं विचारलं, "महाराज, इस औरत को आप पहचानते हैं?"

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. माझ्या समजुतीनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. मग जानव्याला हात लावून शांतपणे म्हणाले, "आम्ही असत्य बोलत नाही. या बाईचं तोंड आम्ही आजवर कधी पाहिलेलं नाही." हेच पुन्हा हिंदीतही सांगितलं, मुन्शीला लिहून घेता यावं म्हणून.

आणि यात खोटं एक अक्षर नव्हतं हो! त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं ते ती भिंतीकडे वळायची म्हणून. तीस-तीस वर्षं तिच्या पानांवर जेवले, तिच्या पानांवर पितर जेववले, आणि तिनं पाळलेला मानच तिच्या गळ्यावर सुरीसारखा फिरवला. मला दाराआड वाटलं, आत्ता पुढे व्हावं आणि म्हणावं, मामंजी, पाठ तर ओळखत असाल?

मुन्शी बिचारा बरा माणूस होता. त्यानं लेखणी थांबवून विचारलं, "घर में और कोई?"

तिनं दाराकडे पाहिलं. फटीतून माझ्या पदराचा काठ दिसत असणार. 'मी ओळखते' म्हणायला किती वेळ लागतो? पण पुढचा प्रश्न मला ऐकू यायला लागला. तू कशी ओळखतेस? कधी बोललीस? किती जवळ होती? त्या बोटांचं बाहेर आलं असतं. तिनं धरलेल्या हातांनी मी सोवळ्यातला स्वयंपाक केला, पितरांना वाढलं, हे सगळं निघालं असतं. मग प्रायश्चित्त, नाहीतर सरळ माहेरचा रस्ता. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, पण त्यांच्यावर कशाला ढकलू? त्यांनी धरलं नसतं तरी मी जागची हलले नसते.

तिनं दारावरची नजर काढली. मग मुन्शीकडे वळून म्हणाली, "नाहीं साहेब, बहूजी हमके ना चिन्हेलीं." नाही साहेब, सूनबाई मला ओळखत नाहीत.

त्या सकाळी त्या ओसरीवर खोटं बोललेलं माणूस म्हणजे ती एकटीच. तेही माझ्यासाठी.

मुन्शीनं लिहून घेतलं, ओळख पटली नाही. ती गेली. पुढच्या महिन्यात गल्लीत ऐकू आलं की तिचं सगळं घर चहाच्या मळ्यांकडे माणसं नेणाऱ्या एका दलालाबरोबर आसामात गेलं. त्या मळ्यांतून परत आलेलं माणूस आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या सकाळी मंडळी गल्लीतून दिसेनाशी झाली, मामंजी संध्येला बसले, आणि सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. लग्न होऊन चार वर्षं होत आली होती, त्यांच्या तोंडून मी कधी गोड शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शहाणी गं माझी बाय. घरंदाज आहेस हो."

आणि मला, जळो माझं तोंड, बरं वाटलं.